पिशवीच्या वाटचा घास

आमच्या घरात गोधडीच्या एका कोपऱ्यावरून रोज भांडण व्हायचं. मी आणि माझा धाकटा भाऊ एकाच गोधडीत झोपायचो, आणि दोघांनाही तोच कोपरा हवा असायचा, कारण त्या कोपऱ्यात तांदूळ होते. आई गोधडी शिवत आली की शेवटचा कोपरा बंद करण्याआधी त्यात चिमूटभर तांदूळ घालायची आणि वरून लुगड्याच्या काठाचा एक लहानसा चौकोन टाचून टाकायची. याला आमच्याकडे गोधडीला घास भरवणं म्हणतात. जी वस्तू आपल्याला जन्मभर ऊब देणार, तिला उपाशी कशी ठेवायची, एवढाच त्यातला विचार. भाऊ ते दाणे कापडावरूनच बोटांनी चोळत पडायचा. त्याची बोटं थांबली की तो झोपला असं समजून मी कोपरा हळूच माझ्याकडे ओढायचे. बरेचदा तो झोपलेला नसायचा, आणि मग पुन्हा भांडण.

आईचं माहेर आंदर मावळातलं. तिकडच्या बायका घासाबरोबर कोपऱ्याला हळदीचं बोटही लावतात. आमच्याकडे आजोबांच्या पिढीत बुद्धाची तसबीर आली, तेव्हा हळद-कुंकू सगळं गेलं, पण हा घास कसा कोण जाणे मागे राहिला. एकदा वस्तीतल्या एका शिकलेल्या भाऊंनी आईला टोकलं होतं की हे असलं आपल्यात बसत नाही. आई सुई चालवतच म्हणाली, "भुकंत देव कुटं आला, भाऊ?" त्यावर ते हसले आणि चहा घेऊन गेले.

आम्ही लोणावळ्यात वलवणला राहतो. वडील रेल्वेत गँगमन होते, ते लवकर गेले. भाऊ सैन्यात भरती झाला. माझ्या लग्नाचं जमलं नाही, म्हणजे खरं सांगायचं तर मी जमवलं नाही, आणि त्याबद्दल सगळं लोणावळा माझ्या वतीने हळहळून मोकळं झालं आहे. तर घरात आई आणि मी. दोघी एकाच कारखान्यात कामाला होतो. सकाळची लोकल पकडून तळेगावला उतरायचं, तिथून रिक्षात कोंबून घेऊन आंबीला. आई शिवणखात्यातली सगळ्यात जुनी बाई, सगळे तिला मावशी म्हणायचे. मी वरच्या मजल्यावर ऑफिसात, टेंडरं भरायला.

कारखाना तसा लहान. ट्रकच्या ताडपत्र्या, बंगल्यांना पावसाळ्यात बांधायची झापडं, आणि अलीकडे पवना धरणाच्या काठी तंबूत झोपायची हौस असलेल्या शहरी मंडळींसाठी तंबू आणि झोपायच्या पिशव्या. आमचे मालक, ज्यांना आम्ही साहेब म्हणतो, ते तळेगावचेच. स्वभावाने गरम, पण लवकर निवणारे. त्यांच्या मनात आलं की पवनेच्या काठावरच्या पिशव्या चालतात तर लष्कराच्या का चालणार नाहीत. मी म्हटलं, "साहेब, तिथे कागदांचा डोंगर असतो." ते म्हणाले, "मग तुला पगार कशाला देतो?"

थंड प्रदेशात वापरायच्या पिशव्यांचं टेंडर निघालं, ते आम्ही भरायला घेतलं. ते भरताना मला एक नवीन शब्द पाठ झाला. तुमची निविदा आधी 'रिस्पॉन्सिव्ह' ठरावी लागते. म्हणजे त्यांनी जे जे मागितलं, ते ते तुम्ही तसंच्या तसं दिलंय की नाही, हे आधी बघणार. त्यात कुठे मोठी कसर निघाली तर तुमचा दर कितीही कमी असो, दराचा लिफाफा उघडतच नाहीत. किरकोळ कसर असेल तर माफ करतात. आता किरकोळ कुठली आणि मोठी कुठली, यावरच सगळी भांडणं होतात. बाकी त्या शेकडो पानांत भांडण्यासारखं काही नसतं.

कागदांबरोबर एक नमुनाही द्यायचा होता. तो आईने शिवला. साहेबांनी तिलाच सांगितलं, आणि दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर तिने ते मनाला लावून घेतलं असतं. तिने मला एकच गोष्ट विचारली.

"ह्या पिशव्या जानार कुटं?"

"वर. बर्फात," मी म्हटलं.

"दादा हाय तितं?" धाकट्या भावाला ती दादाच म्हणायची.

"तिथेच असं नाही आई. पण तसल्याच ठिकाणी."

भाऊ त्या वेळी अशा ठिकाणी होता की फोन कधी लागायचा, कधी लागायचा नाही. लागला तरी वाऱ्याचा आवाज जास्त आणि त्याचा कमी. आई दर वेळी विचारायची, पांघरूण पुरतं का, आणि तो दर वेळी म्हणायचा, पुरतं. या प्रश्नोत्तरापलीकडे त्यांचं बोलणं फारसं जायचं नाही. पण तो फोन येऊन गेला की आई आठवडाभर हलकी असायची आणि नंतर पुन्हा गप्प होत जायची. तिला एकच वाटत होतं, आपल्या हातचं काहीतरी त्याच्यापर्यंत पोचावं. डिंकाचे लाडू पाठवले ते वाटेत कुठेतरी राहिले, स्वेटर पाठवला तो म्हणे नियमात बसत नाही. आता सरकारच तिच्या हातची पिशवी वर नेणार होतं. त्या दिवसांत ती शिवताना गुणगुणायची. मी तिला गुणगुणताना त्याआधी कधी ऐकलं होतं ते मला आठवत नाही.

पिशवी आतून भरून उलटवली की एक कोपरा उघडा राहतो. तो मशीनवर बंद होत नाही, हाताने टाके घालावे लागतात. तिथे काय झालं असणार, हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या मात्र लक्षात आलं नव्हतं; वरून काठाचा चौकोनही टाचलेला नव्हता. घरी गोधडी शिवणारी आई आणि कारखान्यात निळा कोट घालून बसणारी मावशी, या दोघी मला वेगळ्या वाटायच्या.

निकाल पोर्टलवर आला. आमच्या नावापुढे लिहिलं होतं: नॉन-रिस्पॉन्सिव्ह. कारण, तपासणीसाठी नमुन्याचा कोपरा कापला असता आत मापदंडाबाहेरचा पदार्थ आढळला. पदार्थ: तांदूळ.

साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "तांदूळ म्हणजे हे कुठल्या मटेरियलचं नाव आहे का?"

मी म्हटलं, "नाही साहेब. तांदूळ म्हणजे तांदूळ. इंद्रायणी असेल."

मग मी त्यांना घासाचं सगळं सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले आणि बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता आईची धडगत नाही. पण ते म्हणाले, "माझी आजीपण घालायची." आणि लगेच आवाज चढवून, "पण ती टेंडरात नाही घालायची!"

आईला मी खाली जाऊन सांगितलं. तिला आधी समजलंच नाही की बिघडलं काय. "त्यांनी मागितली तशीच दिली की," ती म्हणाली. "लांबी, रुंदी, वजन, समदं." मी म्हटलं, मागितलं त्यापेक्षा चिमूटभर जास्त दिलंस. तिने मशीनवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. "मंग आता वर जायची न्हाई पिशवी?" बाकीच्या बाया ऐकत होत्या, म्हणून मी म्हटलं, भांडून बघू.

आणि आम्ही खरंच भांडलो. हरकत घेण्याची मुदत असते, त्यात मी अर्ज लिहिला. इतकं जीव तोडून मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. या दाण्यांनी पिशवीच्या मापात, वजनात, उबेत काडीचा फरक पडत नाही. ही कसर किरकोळ आहे. दुसऱ्या एका निविदेत चाचणीचा दाखलाच जोडला नव्हता, त्यांना तो नंतर आणून द्यायला सवड दिली, मग आमच्यावरच ही कडक नजर का? साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहून एकेक वाक्य मोठ्याने वाचायचे आणि म्हणायचे, अजून जरा तिखट कर.

आम्हाला लष्कराच्या कार्यालयात समक्ष बोलावलं. जायच्या आदल्या दिवशी साहेबांनी आईला वर बोलावलं. मीही होते. टेंडरच्या अटींत त्यांना एक वाट सापडली होती. नमुना वाहतुकीत किंवा हाताळताना चुकून खराब झाला असेल, तर नवा नमुना मागवता येतो. म्हणजे तांदूळ मुद्दाम घातला असेल तर आम्ही बाहेर. पण चुकून पडला असेल तर पुन्हा संधी.

"मावशी," साहेब म्हणाले, "तुम्ही शेजारी डबा उघडून जेवत असता. दोन दाणे पडले असतील. एवढंच म्हणायचं. त्यात कुणाचं नुकसान नाही."

आई काही बोलली नाही. साहेबांनी तो होकार समजला. मीही तसंच समजले, आणि मला बरं वाटलं. मला ती पिशवी जायला हवी होती. आईचं ते गुणगुणणं मला परत हवं होतं, आणि त्यापुढे दोन दाणे कुठून पडले याची मला जराही फिकीर नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या गाडीतून निघालो. शनिवार होता. भुशीकडे भिजायला निघालेल्या गाड्यांची रांग आमच्या उलट्या दिशेने लागली होती, आणि आई काचेतून त्या माणसांकडे बघत बसली होती. तिने ठेवणीतली पांढरी साडी नेसली होती. दारावरच्या जवानाला तिने हात जोडून "जय भीम" म्हटलं. तो क्षणभर गोंधळला, मग ताठ होऊन "जय हिंद, माताजी" म्हणाला. आईला तो फार आवडला. पुढे कितीतरी दिवस ती त्याची चौकशी करायची, जणू तो माझ्या रोजच्या भेटीतला होता.

आत एका लांबलचक टेबलापलीकडे तिघे अधिकारी. मधले बोलण्यावरून साताऱ्याकडचे वाटले. आमची पिशवी टेबलावर होती, कोपरा कापलेली, आणि शेजारी लहानशा पारदर्शक पुडीत ते तांदूळ. साहेबांनी बोलायला सुरुवात केली. चांगलं बोलले. मी माझे मुद्दे मांडले. किरकोळ आणि मोठी, यावर अर्धा तास गेला. दाखल्याचा मुद्दा काढला तेव्हा त्यांच्यातले एकजण म्हणाले, "मॅडम, दाखला आधीच्या तारखेचा होता, फक्त जोडायचा राहिला होता. कागद नंतर जोडता येतो. पण नमुना म्हणजे तुमची निविदाच. उघडल्यानंतर ती बदलली, तर बाकीच्यांना मी काय तोंड दाखवू?"

मग साताऱ्याचे अधिकारी आईकडे वळले. त्यांनी आमचा अर्ज पालथा ठेवला.

"मावशी, नमुना तुम्ही शिवलात?"

"व्हय."

"तिथे बाजूला जेवण वगैरे होतं का? जेवताना चुकून पडले असतील दाणे?"

ते तिला वाट करून देत होते. हे मला तेव्हाही कळलं, साहेबांनाही कळलं. साहेबांनी टेबलाखाली मुठी आवळल्या होत्या. आईने फक्त व्हय म्हणायचं होतं. एक शब्द, जो ती एरवी दिवसातून पन्नास वेळा म्हणते.

आई पिशवीकडे बघत होती. तिने हात पुढे केला आणि कापलेल्या कोपऱ्याच्या कडा चिमटीत धरून जुळवल्या.

"न्हाई साहेब," ती म्हणाली. "मीच घातल्यात."

"मुद्दाम?"

"आमच्यात घास भरवत्यात. माजा पोरगा हाय वर, थंडीत. त्याच्या अंगावर जायाची म्हनून भरवला." मग जरा थांबून, "तुमी म्हनता तसं म्हनलं आसतं साहेब. पन लेकराला भरवलेला घास सांडला म्हनू व्हय?"

साताऱ्याच्या अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. मला एक वेडी आशा वाटली, की आता हे म्हणतील, जाऊ द्या, किरकोळ आहे. त्यांनी तसं म्हटलं नाही.

"मावशी, मी तुमचं खरं मानतो," ते म्हणाले. "पण मी आज तुमचा घास चालवून घेतला, तर उद्या दुसरा कुणी आत काय भरेल त्याला मला नाही म्हणता येणार नाही. वरच्या पोरांना पिशवीत काय आहे ते ठाऊक नसतं. ते नुसते विश्वासाने आत शिरतात."

आईने मान हलवली. तिला पटलं होतं, हेच मला सहन होत नव्हतं.

परतीच्या वाटेवर वडगावच्या अलीकडे साहेबांनी गाडी थांबवली, चहा आणि वडे मागवले, आणि पहिली बशी आईच्या पुढे सरकवली. "खा मावशी," ते म्हणाले. "धंदा बुडाला तरी जेवायला लागतंच." आईने वडा खाल्ला, पण अर्धाच. घरी आल्यावर तिने भाकऱ्या थापल्या आणि नकळत तिघांच्या थापल्या. उरलेली भाकरी तिने फडक्यात बांधून ठेवली.

नाकारलेला नमुना स्वखर्चाने घेऊन जा, असं नंतर कळवलं. साहेब म्हणाले, मरू दे तिकडेच. आईने मला जायला लावलं. मी पिशवी आणून दिली तेव्हा तिने ती उन्हात घातली, झटकली आणि माळ्यावर ठेवली. कोपरा शिवून देऊ का म्हटलं तर नको म्हणाली. "कापलाय त्यांनी. ऱ्हाऊ दे तसाच."

काही महिन्यांनी भाऊ रजेवर आला. काळवंडलेला, ओठ फुटलेले, आणि पहिले दोन दिवस नुसता झोपला. तिसऱ्या दिवशी मी त्याला सगळी कथा सांगितली, आई ऐकत असताना. मला वाटलं तो हळवा होईल. तो पोट धरून हसला.

"आई, वर उंदीर लय हायेत गं," तो म्हणाला. आईशी बोलताना त्याची भाषा लगेच तिची होते. "माणसापेक्षा उंदीर जास्त. तांदळाचा वास आला आसता ना, एका दिवसात समदी पिशवी कुरतडली आसती. त्यो साहेब बराबर बोलला."

आईचा चेहरा उतरला. आपण त्याच्यासाठी घातलेला घास त्याच्याच पिशवीला उंदीर लावणार होता, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. मग ती म्हणाली, "मंग झालं ते बरंच झालं." तो परत निघाला तेव्हा लोणावळा स्टेशनवर ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, गाडी हलेपर्यंत. मी बाजूला उभी राहून दोघांवरही चिडले होते. दोघांतलं कुणीच मला रडायला जागा ठेवत नव्हतं.

पुढच्या वर्षी पुन्हा टेंडर निघालं. साहेब म्हणाले, भरायचं. नमुना शिवायला पुन्हा मावशीच, पण या वेळी साहेब स्वतः मशीनपाशी स्टूल टाकून बसले. शेवटचा कोपरा आला. आईने कमरेची पिशवी सोडली, त्यातून चिमूटभर तांदूळ काढले. साहेब स्टुलावरून अर्धे उठले.

आईने ते तांदूळ स्वतःच्या तोंडात टाकले.

"पिशवीच्या वाटचा," ती म्हणाली. "तिला चालत न्हाई तर मी खाते." आणि सावकाश चावत तिने कोपरा बंद केला. आत काही नव्हतं, वरून काही टाचलेलं नव्हतं. मागितली तशी पिशवी, कणभर जास्त नाही.

ती निविदा रिस्पॉन्सिव्ह ठरली. दराचा लिफाफा उघडला, काम मिळालं. साहेबांनी सगळ्या कारखान्याला चिक्की वाटली, लोणावळ्यात राहणाऱ्यांनाही, ज्यांना चिक्कीचा कंटाळा आलेला असतो. शिवणखात्यातल्या बाया आता प्रत्येक पिशवीला आईसारखंच करू लागल्या. कोपरा बंद करण्याआधी एक दाणा तोंडात. कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच सुमाराला भावाची बदली खाली झाली, अशा गावी जिथे उकाड्याने अंगाची लाही होते. म्हणजे आता पिशव्या वर जाणार होत्या आणि तो वर नव्हता. मी हे आईला सांगायचं टाळत होते. तिला त्याच्याच फोनवरून कळलं. "आसू दे," ती म्हणाली. "कुनाचं तरी पोरगं आसंलच की तितं."

आणि मग ती आजारी पडली. आधी तळेगावच्या दवाखान्यात, नंतर घरी. खाणं सुटत गेलं. पेज नको, वरण नको, तोंड फिरवून भिंतीकडे. मी रागावून पाहिलं, विनवून पाहिलं. एक दिवस आंबीहून आले, हातात मऊ भाताची वाटी घेतली आणि कंटाळून म्हटलं, "आज कारखान्यात कितीतरी कोपरे बंद केले गं आई. बाया म्हणतात, आम्ही नुसता दाणा खातो, मावशी नाही तर यांच्या वाटचा घास कोण खाणार?"

तिने भिंतीकडचं तोंड वळवलं, आणि उघडलं.

त्यानंतर मी रोज हेच करायचे. आज इतक्या पिशव्या झाल्या, आज त्या बाईने मशीन बंद पाडलं, आज साहेब ओरडले, आणि हा घे, हा पिशवीच्या वाटचा. कधी दोन घास, कधी चार. ज्या पोरांना तिने पाहिलेलं नाही आणि जी तिला कधी पाहणार नाहीत, त्यांच्यासाठी ती गिळत राहिली. माझ्यासाठी एकही घास तिने खाल्ला नसता, हे मला माहीत आहे, आणि त्याचं मला तेव्हा फार वाईट वाटायचं. आता वाटत नाही. आता फक्त वाटतं की तिने मला पुन्हा एकदा तसं तोंड फिरवून दाखवावं.

पिशव्यांचा ट्रक आंबीहून निघाला त्याचं चित्रण मी मोबाइलवर करून आणलं. तिने ते पाहिलं. ताडपत्री बांधून ट्रक फाटकातून वळतो आणि नदीच्या बाजूने दिसेनासा होतो, एवढंच त्यात आहे. "वाटंत भिजायच्या न्हाईत न्हवं?" तिने विचारलं. भिजल्या नाहीत. पण त्या पोचल्याचं पत्र आलं तेव्हा आई नव्हती.

भाऊ आला तो सगळं उरकल्यावर. रजा मिळायला वेळ लागला, गाडीला वेळ लागला, त्याला कुणाचा दोष नाही. तो घरात आला आणि आईच्या खाटेच्या जागी उभा राहिला. खाट मी उभी करून ठेवली होती. दुसऱ्या वर्षी तो डिसेंबरात आला. वलवणला त्या दिवसांत धरणावरून असा गारठा येतो की फरशीवर पाय ठेववत नाही. तो म्हणाला, काहीतरी जाड दे गं ताई पांघरायला. आईच्या गोधड्या मी धुऊन बांधून ठेवल्या होत्या, त्या सोडायचा मला धीर होत नव्हता. म्हणून माळ्यावरून तो नाकारलेला नमुना काढून दिला.

तो बाहेरच्या खोलीत पिशवीत शिरून पडला. मी स्वयंपाकघर आवरत होते. भांड्यांच्या आवाजातून मला त्याची हालचाल ऐकू येत होती, कापडावर कापड घासल्याचा आवाज. मी बाहेर येऊन पाहिलं तर तो डोळे मिटून, बोटांनी पिशवीचा कोपरा चाचपत होता. त्याची बोटं कापलेल्या जागेत गेली आणि थांबली.

"काहीच न्हाई हितं," तो म्हणाला. माझ्याशी तो कधी असं बोलत नाही, माझ्याशी तो शहरी बोलतो. "ही उपाशीच ऱ्हायली की गं."

तेव्हा मी त्याला सांगितलं, आईने शेवटच्या दिवसांत काय खाल्लं आणि कुणाच्या वाटचं खाल्लं. फोनवर हे सांगता आलं नव्हतं, आणि मागे तो आला होता तेव्हाही नाही. तो उठून बसला. पिशवी कमरेपर्यंत, वर जुना स्वेटर, आणि आता केसांत बरेच पांढरे.

"हिच्या वाटचा पन खाल्ला का तिनं?"

"ते नाही माहीत," मी म्हटलं.

मी आत गेले. पातेल्यात तळाला थोडा भात उरला होता, इंद्रायणीचा, गार झालेला. तो बोटांनी गोळा करून त्याचा एक लहान घास केला आणि त्याच्यासमोर जाऊन बसले. मी काही म्हणायच्या आधीच त्याने तोंड उघडलं.

तो घास त्याने चावला नाही. कापलेला कोपरा मुठीत धरून, तसाच तोंडात ठेवून तो किती तरी वेळ बसून राहिला.